घरात घालायचं हेल्मेट

"मॅडम, तुमची टोपी फुटली नाय, पण आईचं डोकं फुटलं."

फोनवर सोमनाथ होता. निफाडच्या बाजूच्या एका गावातला द्राक्षबागायतदार, पस्तिशीचा, एरवी मोजकंच बोलणारा. आदल्या दुपारी त्यांच्याकडे गारपीट झाल्याचं मी सकाळी पेपरात वाचलं होतं. आज लिहायला लाज वाटते, पण ते वाचून मी निर्धास्त होते. त्या गावातल्या पत्र्याच्या प्रत्येक घरासाठी मी स्वतः उभी राहून हेल्मेटं वाटली होती. बाकीच्या गावांचं काय झालं असेल याची काळजी करत मी दुकानात चहा पीत बसले होते.

"फुटली नाही म्हणजे?" मी विचारलं. माणूस आईचं डोकं फुटल्याचं सांगतोय आणि मी टोपीची चौकशी करतेय. अठ्ठावीस वर्षं एकच धंदा केला की तोंडातून आधी धंदाच बाहेर पडतो.

"टोपीला तडा पण नाय," सोमनाथ म्हणाला. "आईला नाशकात ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणत्यात, आत रक्त साचलंय. आत्ताच ऑपरेशनला आत नेलंय. मला फक्त एवढं सांगा मॅडम, टोपी घातली व्हती तरी असं कसं झालं?"

"मी बघते," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

मी काय काम करायचे ते आधी सांगायला हवं, कारण ते माझ्या सख्ख्या बहिणींनाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. सातपूरच्या कारखान्यांजवळ आमच्या शेठचं सुरक्षा साहित्याचं दुकान होतं. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, गमबूट, धुळीचे मास्क असलं सगळं. मी तिथे टायपिंगला लागले आणि वर्षभरात शेठनी मला बाहेरच्या फिरतीवर धाडलं, कारण माझा आवाज मशिनच्या वर जातो असा त्यांचा शोध होता. कारखान्यात जायचं, कामगार गोळा करायचे आणि वस्तू कशी घालायची ते दाखवायचं, हे माझं काम. विकायला फार अक्कल लागत नाही. पण घामाने निथळणाऱ्या माणसाच्या नाकावर मास्क चढवायचा आणि तुमची पाठ वळल्यावरही तो तिथे राहील असं बघायचं, याला जन्म जातो. माझा गेला.

पुढे पूर, वादळं, अवकाळी हे दरवर्षीचं होऊन बसलं. कंपन्या समाजकार्याच्या निधीतून गावोगावी अशा साहित्याच्या पेट्या वाटू लागल्या आणि शेठनी ते खातं माझ्या गळ्यात घातलं. आपत्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते घरदार सोडून पळणं. पण पुष्कळदा पळायला वेळ नसतो, किंवा घरापेक्षा बाहेरच जास्त धोका असतो. मग असाल तिथेच थांबावं लागतं, आणि थांबायचं तर अंगावर काहीतरी हवं. गारपिटीत डोक्यावर पत्रे असतील तर हेल्मेट आणि गॉगल. पेठकडच्या डोंगरात वणव्याचा धूर घरात शिरला तर दारं-खिडक्या लावून मास्क. पुराचा चिखल उपसायचा तर गमबूट आणि जाड हातमोजे. इतकं साधं होतं ते. मी घसा फोडून हे सांगायचे आणि शेवटी पहिल्या रांगेतला कुणीतरी हमखास विचारायचा, "म्हंजे घरात बसून हेल्मेट घालायचं?" मग सगळी सभा हसायची.

लोकांची एकेक तऱ्हा पाहिली. पंचवटीत नदीजवळ राहणारे एक गुरुजी होते. दर थोड्या वर्षांनी त्यांच्या खालच्या मजल्यात गोदावरी यायची. हे कुटुंब निवांत वर जाऊन बसायचं आणि पाणी उतरलं की खाली येऊन चिखल काढायचं. त्यांना पेटी दिली तेव्हा गुरुजींनी गमबूट उलटेसुलटे करून पाहिले. "चामडं नाही ना?" "नाही, निव्वळ रबर." मग स्वीकारले. त्या पावसाळ्यात पूर आला, ओसरला आणि गुरुजी अनवाणी चिखलात उतरले. तळव्यात पत्र्याचा तुकडा आरपार. मी भेटायला गेले तर पाय उशीवर ठेवून बसलेले.

"गुरुजी, गमबूट कुठे होते?"

"दाराबाहेर. नदीने नेले."

"वर का नाही घेऊन गेलात?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं ते एखाद्या अडाणी मुलीकडे पाहावं तसं. "वर देव आहेत, ताई. पायातलं वर कसं नेणार?"

मी हात टेकले. मग बराच खल करून आमचा तोडगा निघाला की एकदाही पायात न घातलेला बूट ही नुसती वस्तू, आणि वस्तू गोणपाटात बांधून वर ठेवायला हरकत नाही. ही हकिगत मी पुढे किती गावांत सांगितली असेल. लोक पोट धरून हसायचे, मीही हसायचे. त्यातून शिकायचं होतं ते हे की कंपनीतली वस्तू घरात गेली की ती त्या घराच्या रीतीने राहते. ते मी शिकले नाही. मला फक्त एक चांगला विनोद मिळाला.

तर सोमनाथचा फोन. माझ्या मनात पहिला संशय आला तो मालाचा. कवच तकलादू निघालं असेल, तपासणीचा शिक्का खोटा असेल, कुणीतरी आम्हाला गंडवलं असेल. मी त्या खेपेचा नंबर काढला, त्याच खेपेतलं एक नवं हेल्मेट पिशवीत टाकलं आणि शेठची गाडी घेऊन निघाले. रस्ताभर मी बनवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. त्याला कुठल्या शब्दांत झापायचं तेही ठरवून झालं होतं.

हेल्मेटचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं, वरचं कडक कवच डोकं वाचवतं. कवच फक्त टोकदार वस्तू अडवतं. धक्का झेलते ती आतली जाळी, म्हणजे कवचाच्या आत चार खटक्यांवर अडकवलेल्या पट्ट्या. या पट्ट्यांमुळे कवच आणि टाळू यांच्यात दोन-तीन बोटांची पोकळी राहते. वरून दणका बसला की पट्ट्या ताणल्या जातात आणि जोर त्या पोकळीत मरतो. जाळी नसेल तर दणका थेट कवटीवर. हे दाखवायला माझा एक प्रयोग होता. संक्रांतीचं मातीचं सुगड विटेवर पालथं ठेवायचं, त्यावर जाळीचं हेल्मेट घालायचं आणि हातभर उंचीवरून वरवंटा सोडायचा. सुगड शाबूत. मग जाळी काढून पुन्हा तेच. सुगडाच्या ठिकऱ्या. हे पाहिलं की हसणारी सभा गप्प व्हायची.

मळ्यात पोचले तेव्हा गारा वितळून गेल्या होत्या. बागेत घड जमिनीवर पडलेले होते आणि रसाचा आंबूस वास सुटला होता. सोमनाथचं घर सिमेंटच्या पत्र्यांचं, आणि त्या पत्र्यांना माणूस जाईल एवढी दोन भोकं पडलेली. आतल्या खोलीत बाजेवर सोमनाथचे आजोबा होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. नव्वदीचे, कमरेखालून अंग गेलेलं. आणि त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट. गारपीट होऊन दिवस उलटला होता, डोक्यावरच्या भोकातून स्वच्छ ऊन बाजेवर पडलं होतं, आणि म्हातारा हनुवटीचा पट्टा आवळून छताकडे बघत पडला होता.

"कालपास्नं काढत नाय," मंगल म्हणाली. मंगल ही सोमनाथची धाकटी चुलती, म्हणजे त्याच्या जखमी आईची, गयाबाईंची, जाऊ. "जेवतानी पण नाय, झोपतानी पण नाय. हात लावला की वरडत्यात."

काही स्वतः पाहिलेलं, काही अण्णांकडून ऐकलेलं, असं सगळं मंगलनेच मला सांगितलं. जेवणं झाल्यावर आभाळ एकदम काळं झालं. सोमनाथ, त्याचे वडील, बाकीची माणसं बागेत होती, ती तिथल्या शेडमध्ये शिरली. मंगलचं घर स्लॅबचं, गयाबाईंच्या दारापासून चाळीस पावलांवर. मंगल ओसरीतून ओरडत होती, "आक्का, इकडं पळा." गयाबाई येऊ शकल्या असत्या. पण अण्णांना उचलायला दोन गडी लागतात. त्या गेल्या नाहीत. त्यांनी फळीवरची पेटी काढली. आधी अण्णांना उशीला टेकवून बसतं केलं, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट घातलं, मागचं चक्र फिरवून घट्ट केलं, हनुवटीचा पट्टा लावला. मग गॉगल. मग स्वतःचं हेल्मेट घातलं आणि अण्णांच्या उशाशी, भिंतीला टेकून बसल्या. मी शिकवलं होतं ना, भिंतीच्या आधाराला, खिडकीपासून लांब, मान किंचित खाली. मंगल म्हणाली, अगदी तशाच बसल्या होत्या. लिंबाएवढ्या गारा पडत होत्या. पहिला पत्रा फुटला आणि त्याचा अर्धा तुकडा त्या दोघांच्या डोक्यांवर एकदमच आला.

मी अण्णांच्या हेल्मेटवर हात फिरवला. वर बोटभर खोल खोच आणि तिथून कडेपर्यंत तडा गेला होता. आत जाळी जागच्या जागी. म्हाताऱ्याच्या टाळूला साधं खरचटलंही नव्हतं. माल चोख होता.

"आणि गयाबाईंचं?"

ते धान्याच्या कोठीवर ठेवलं होतं. खरंच तडा नव्हता, नुसता एक चरा. मी ते हातात घेतलं आणि मला ते हलकं लागलं. उलटं केलं. आत काहीच नव्हतं.

मी ते पुन्हा सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. जणू दुसऱ्यांदा पाहिल्यावर जाळी दिसणार होती. चारही खटक्यांच्या खाचा रिकाम्या. आत गुळगुळीत पिवळं प्लास्टिक आणि एका बाजूला वाळलेलं रक्त.

"जाळी कुठे गेली?" मी विचारलं.

"जाळी ना? पेटीत हाय की." मंगलने पेटी पुढे ओढली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली जाळी माझ्या हातात दिली. कोरी करकरीत. "आक्कांनी नीट जपून ठेवलीय."

"काढली कशाला पण?"

मंगल गोंधळली. हा प्रश्न तिला कळेचना. "आता अंबाडा नाय का, ताई? आन् पदर. जाळी असल्यावर टोपी बसंल कशी?"

"तुझी?"

"माझी पण काढलीय. समद्या बायांनी काढलीय. गडीमाणसांच्या हायत तशाच."

मी तिला म्हटलं, सगळ्यांना बोलाव. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या आठ-दहा बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात पिवळं हेल्मेट आणि प्रत्येक हेल्मेट घमेल्यासारखं पोकळ. एकीने जाळीची चुंबळ करून पाण्याच्या माठाखाली ठेवली होती, माठ हलत नाही म्हणाली. बाकीच्यांनी गयाबाईंसारखीच जपून ठेवली होती. कुणी निष्काळजीपणा केला नव्हता, कुणी पेटी माळ्यावर टाकून दिली नव्हती. इतकं आज्ञाधारक गाव मी पाहिलं नव्हतं. आणि ते सगळं गाव वर्षभर डोक्यावर पोकळ डबे घालायची तयारी करून बसलं होतं.

"हे काढायला सांगितलं कुणी तुम्हाला?" मी जवळजवळ ओरडलेच. मला तो माणूस हवा होता. त्या दिवशी मला कुणीतरी हवंच होतं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मंगल खाली मान घालून म्हणाली, "तुम्हीच ना, ताई."

मला ते ऐकू आलं, पण कळलं नाही.

"पेट्या वाटल्या त्या दिशी," मंगल सांगू लागली. "आक्कांना पहिलं बोलावलं व्हतं स्टेजवर. टोपी बसंना त्यांना. अंबाड्यावर तिरकी व्हायची, म्होरं डोळ्यावर यायची. समोर अण्णा खुर्चीवर आणून बसवलेले, समदी थोरली माणसं, मग पदर कसा काढायचा? तो फोटोवाला घाई करत व्हता. तुम्ही टोपी घेतली, खटखट करून जाळी काढली आन् आक्कांच्या डोक्यावर ठिवली. म्हनला, 'आता कशी छान बसली.' समद्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही म्हनलं, बायांची अशीच असती."

ती सांगत असतानाच मला ते चार खटके आठवले. बोटांना आठवले. प्रमुख पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता, ते सारखे घड्याळ बघत होते. त्यामुळे त्या दिवशी सुगडाचा प्रयोगही मी गाळला होता. पिशवीत सुगडं होती, वरवंटा होता, पण म्हटलं, राहू दे, पेटीत माहितीपत्रक आहेच. गयाबाईंच्या डोक्यावर ते हेल्मेट तिरकं होत होतं, पाहुणे हसत होते, आणि मला फोटो बिघडायला नको होता. फोटो झाला की जाळी लगेच लावायची असं मनात होतं. मग जेवायला बसवलं, आग्रह झाला, आणि राहिलं ते राहिलंच.

तो फोटो आमच्या दुकानात शेठच्या खुर्चीमागे लावलेला होता. वर्षभर मी त्याच्याखाली बसून चहा प्यायले. त्यात गयाबाईंच्या डोक्यावर हेल्मेट टाळूला चिकटून बसलेलं स्वच्छ दिसतं. जाळी असती तर ते दोन बोटं वर दिसलं असतं. कारखान्यात शंभर माणसांच्या रांगेत एकाचं हेल्मेट चुकीचं असेल तर मला दारातून कळायचं, त्याचा मला कोण अभिमान. आणि हे रोज डोळ्यांसमोर होतं. फोटोत मी गयाबाईंच्या शेजारी उभी आहे आणि हसते आहे.

माझे केस कॉलेजपासून कापलेले. माझ्या डोक्यावर कुठलंही हेल्मेट पहिल्या झटक्यात बसतं. अंबाडा आणि डोक्यावरचा पदर यांचं काय करायचं हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

त्या दुपारी मी मंगलच्या ओसरीवर बसून एकेक जाळी परत बसवली. मग विचारलं, अंबाडा सोडून शेपटा घालाल का? बायका म्हणाल्या, त्यात काय, घालू की. आणि पदर? मी म्हटलं, पदर टोपीच्या आत कशाला, टोपीवरून घ्या. मंगलने हेल्मेट घातलं, चक्र फिरवलं आणि वरून पदर ओढून घेतला. झालं. सासऱ्यांपुढेही चालेल असं ध्यान दिसत होतं. एक म्हातारी फिसकन हसली. मला मात्र भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एवढाच उपाय होता, आणि तो स्टेजवर अर्ध्या मिनिटात झाला असता.

सोमनाथला मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात गाठलं. ऑपरेशन झालं होतं, पण गयाबाईंना शुद्ध आली नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो ओरडेल, निदान चार शब्द ऐकवेल अशी माझी तयारी होती. तो बाकावर पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-काढत राहिला.

"मला नका सांगू," शेवटी म्हणाला. "आई उठली तर आईला सांगा."

त्या 'तर'वर मी पुढचे दिवस काढले. घरात बसवेना, म्हणून ज्या ज्या गावांत पेट्या दिल्या होत्या तिथे जात राहिले. चांदवडच्या बाजूच्या एका गावात सुगडाचा प्रयोग मी नीट करून दाखवला होता. तिथे सगळ्या जाळ्या जागेवर होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मग सहज एका बाईला म्हटलं, घालून दाखवा. ती म्हणाली, "मी नाय घालत. मला बसतच नाय ती. ह्यांच्यासाठी ठिवल्यात दोन्ही." शेजारणीचं तेच. तिच्या शेजारणीचंही तेच. गावातल्या एकाही बाईच्या डोक्यावर हेल्मेट बसत नव्हतं, आणि त्यांनी ते निमूटपणे नवऱ्याच्या, मुलाच्या नावावर करून टाकलं होतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इचारलं कुठं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने मला चहा दिला.

गयाबाईंना चौथ्या दिवशी शुद्ध आली. मला भेटायला मिळालं ते आठव्या दिवशी. त्यांचा उजवा हात अजून नीट उचलत नव्हता, शब्द शोधावे लागत होते, पण माणूस ओळखत होत्या. मी मागच्या वेळी पाहिलेली बाई ती हीच का, असं क्षणभर वाटलं. डोक्यावरून टॉवेल घेतलेला, चेहरा अर्ध्यावर आलेला.

"अण्णा?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"बरे आहेत. मंगलच्या घरी नेलं होतं, पण तिथे राहिनात. परत आपल्या खोलीत आलेत. सोमनाथने वर ताडपत्री टाकलीय."

"टोपी?"

"परवा काढली म्हणे. आता उशाशी घेऊन झोपतात."

त्या किंचित हसल्या. मी स्टूल जवळ ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. टोपीतली जाळी कशासाठी असते, ती मी कशी काढली, फोटोसाठी काढली, परत लावायची विसरले. मी घरून वाक्यं ठरवून आणली होती, त्यातलं एकही धड आलं नाही. मी रडले. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी डोळे मिटले तेव्हा मला वाटलं, झोप लागली. पण त्या विचार करत होत्या.

"ती पिशवीत ठिवली व्हती, ती जाळी?" त्यांनी सावकाश विचारलं.

"हो."

"म्हंजे अण्णांच्या टोपीत ती व्हती."

"हो."

"म्हनून ते वाचले."

मी मान हलवली. त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. त्या दिवसापासून ते नवं हेल्मेट माझ्या पिशवीतच होतं. का बाळगत होते, मलाही सांगता आलं नसतं.

"नवी हाय का ती?"

"नवी आहे."

"जाळीची?"

"जाळीची."

त्यांनी डाव्या हाताने डोक्यावरचा टॉवेल बाजूला केला. ऑपरेशनसाठी सगळे केस काढलेले होते. बोडक्या डोक्यावर कानापासून वरपर्यंत टाक्यांची वेडीवाकडी रांग होती. नवरा जिवंत असलेली, कपाळावर कुंकू असलेली ही बाई माझ्यासमोर तशी बसली होती आणि मला कुठे बघावं ते कळेना.

"मग बसवून बघा, ताई," त्या म्हणाल्या. "आता अंबाडा नाय."

त्या चेष्टा करत नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. खिडकीबाहेर पुन्हा आभाळ भरून आलं होतं, अण्णा आपली खोली सोडायला तयार नव्हते, आणि घरी गेल्यावर त्यांना पुन्हा तिथेच, त्यांच्या उशाशी बसायचं होतं.